उतरत्या वयाचा परवाना

कोगनोळीच्या नाक्यापासून बेळगावच्या वेशीपर्यंत पसरलेला जो पुणे-बंगळूर महामार्ग, ज्याचा ४ हा जुना क्रमांक जाऊन ४८ हा नवा क्रमांक आला त्याला पंधरा वर्षे होऊन गेली तरी निपाणी-संकेश्वरकडची माणसे ज्याला अद्याप ‘एनएच फोर’ याच नावाने ओळखतात, त्या महामार्गाच्या अगदी डाव्या कडेने, जवळून जाणाऱ्या मालमोटारींच्या वाऱ्याने किंचित हेलकावत, सकाळच्या प्रहरी ज्या दुचाक्या संथपणे जाताना दिसतात, त्यांच्यावर बसलेला माणूस पुष्कळदा साठीच्या बराच पलीकडचा असतो. डोक्याला टोपी, हेल्मेट आरशाला अडकवलेले, पुढे पायापाशी पेंडीची नाहीतर खताची पिशवी, आणि मागे पदर सावरीत एका बाजूने बसलेली सहधर्मचारिणी. घरी मुले म्हणतात, “आबा, आता गाडी पुरे करा”. रस्त्यावरचा तरुण चालक म्हणतो की, म्हाताऱ्यांनी हमरस्त्यावर यावेच कशाला. आणि आबा या दोघांनाही काही उत्तर न देता दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा किक मारतात. या तिघांपैकी कोणीही मूर्ख नाही. आपल्याकडे मात्र या विषयाचा निकाल बहुधा एका वाक्यात लावला जातो, आणि ते वाक्य वयाच्या आकड्यावर येऊन थांबते. माझे म्हणणे असे आहे की, शासन ज्या गोष्टीची तपासणी करते ती वृद्ध चालकाच्या धोक्याची खूण नव्हे. जी खूण आहे तिची तपासणी केवळ कागदावर होते. आणि ही चूक उद्या सुधारली तरी तिच्याहून मोठी अशी एक उणीव शिल्लक राहील, ती म्हणजे ज्याच्या हातातली गाडी काढून घ्यायची त्याला दुसरे साधन देण्याची तजवीज आपण केलेली नाही.

प्रथम ही पिढी कोणती हे ध्यानात घेतले पाहिजे. १९५० च्या आगेमागे जन्मलेला निपाणी भागातला शेतकरी, तंबाखूच्या वखारीतला दिवाणजी किंवा बेळगावच्या टिळकवाडीत राहणारा कारकून जेव्हा ऐन विशीत होता, तेव्हा, म्हणजे १९७२ च्या सुमारास, पुण्याच्या कायनेटिकची लुना आणि बजाजची चेतक बाजारात आली. त्याच्या वडिलांनी बैलगाडीने नाहीतर एस. टी. ने आयुष्य काढले, आणि हातपाय थकले तेव्हा ते ओसरीवर बसले. त्यांना ‘वाहन सोडावे’ असे कोणी सांगण्याचा प्रसंगच आला नाही, कारण सोडण्याजोगे वाहन त्यांच्यापाशी नव्हते. वाहनाच्या आसनावर म्हातारी होणारी ही या मुलखातली पहिली पिढी आहे. वृद्धापकाळी शेतीचा कारभार मुलाच्या हाती कसा द्यावा, घराच्या किल्ल्या सुनेकडे केव्हा सोपवाव्या, यासंबंधी आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे, प्रसंगी तंटे आहेत आणि ते मिटवणारे पंचही आहेत. परंतु गाडीची किल्ली केव्हा ठेवावी याविषयी कोणताही शिरस्ता अद्याप तयार झालेला नाही. तो होईपर्यंत कायद्यानेच ते काम करावे अशी अपेक्षा केल्यास ती गैर म्हणता येणार नाही.

कायदा काय म्हणतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १४ वे कलम, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, असे सांगते की पंचावन्न वर्षे पूर्ण झालेल्या माणसाचा परवाना एका वेळी पाच वर्षांच्या मुदतीने मिळावा. कमाल वयाची मर्यादा त्यात नाही, आणि ती नाही हे माझ्या मते कायद्याचे शहाणपण आहे. चाळिशी ओलांडलेल्या अर्जदाराने नमुना १-अ मधला वैद्यकीय दाखला जोडावा अशी केंद्रीय नियमांत तरतूद आहे, आणि त्या नमुन्यात डॉक्टरांना जे प्रश्न विचारले आहेत त्यांतला मुख्य प्रश्न असा की, चांगल्या दिवसाच्या उजेडात पंचवीस मीटरवरील मोटारीची नंबरपाटी अर्जदाराला वाचता येते काय. तांबडा आणि हिरवा रंग ओळखतो काय, सामान्य आवाज ऐकू येतात काय, हेही त्यात आहे. अर्जदाराच्या स्वयंघोषणेत रातांधळेपणाविषयीही एक प्रश्न आहे, आणि त्याला आजवर कोणी ‘होय’ असे उत्तर दिले असेल असे मला वाटत नाही. कारण ज्याला संध्याकाळी दिसेनासे झाले आहे तो माणूस आपल्याला रातांधळेपणा झाला असे कधी म्हणत नाही, ‘हल्ली दिव्यांचा त्रास होतो’ एवढेच म्हणतो.

हा दाखला प्रत्यक्षात कसा मिळतो हे सांगण्याची गरज नाही. डॉक्टर ओळखीचे असतात, बाहेर रुग्णांची रांग असते, नमुना एजंटाने भरून आणलेला असतो, आणि पंचवीस मीटर अंतर मोजावे इतकी जागा दवाखान्यात नसते. येथे मी डॉक्टरांना दोष देत नाही. ज्या तपासणीचे शुल्क नाही, साधने नाहीत आणि जिच्या चुकीची जबाबदारी कोणावर येत नाही ती तपासणी सहीपुरतीच उरावी यात नवल ते काय. मौज अशी की, निवृत्तिवेतन घेणाऱ्या माणसाकडून आपले शासन दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला घेते. तो जिवंत आहे किंवा नाही याची खात्री दर बारा महिन्यांनी करून घेणाऱ्या याच शासनाला, हाच निवृत्त गृहस्थ तो दाखला देण्यासाठी ज्या स्कूटरवरून बँकेत आला ती चालवण्याइतकी त्याची दृष्टी आहे किंवा नाही, हे पाच वर्षांतून एकदा, तेही दुसऱ्याच्या सहीवर, जाणून घेतले तरी पुरते. सत्तराव्या वर्षी घेतलेला दाखला पंचाहत्तरीपर्यंत चालतो, आणि या पाच वर्षांत मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकू शकतो.

डोळ्याचा विषय निघाला आहे तेव्हा तो थोडा विस्ताराने मांडला पाहिजे, कारण माझ्या म्हणण्याचा सगळा भार त्याच्यावर आहे. वय वाढते तसतशी बाहुली लहान होत जाते आणि नेत्रमणी पिवळट होतो. वीस वर्षांच्या तरुणाच्या दृष्टिपटलावर जेवढा प्रकाश पोचतो त्याच्या सुमारे एकतृतीयांशच साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत पोचतो. भर दुपारी याने काही अडत नाही, कारण दुपारी प्रकाश गरजेपेक्षा कितीतरी अधिक असतो; अडते ते तिन्हीसांजेला. समोरच्या वाहनाचा प्रखर दिवा डोळ्यावर पडून गेल्यानंतर पूर्ववत दिसू लागण्यास तरुणापेक्षा वृद्धाला बराच अधिक वेळ लागतो, आणि तेवढा वेळ त्याची गाडी आंधळेपणाने पुढे जात असते. शिवाय, अक्षर स्पष्ट दिसणे ही एक गोष्ट आणि करड्या पार्श्वभूमीवर करडी वस्तू वेगळी दिसणे ही दुसरी. पहिलीची तपासणी नंबरपाटीने होते, दुसरीची होतच नाही, आणि अपघात पुष्कळदा दुसरीच्या अभावी होतात. चांगल्या दिवसाच्या उजेडात नंबरपाटी अचूक वाचणारा माणूस संध्याकाळी सात वाजता तवंदी घाट उतरताना जवळजवळ निराळा माणूस असतो, हे नमुना १-अ ला ठाऊक नाही.

आता या भागाची संध्याकाळ कशी असते ते पाहा. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत गळीत हंगाम चालू असतो. निपाणीच्या हालसिद्धनाथ कारखान्याकडे, संकेश्वरच्या हिरण्यकेशीकडे, चिकोडीच्या दूधगंगेकडे उसाने ओथंबलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या अंधारातून जात असतात, आणि त्यांतल्या कितीतरी ट्रॉल्यांच्या मागे दिवा नसतो, असला तर वाढ्यांच्या लोंबत्या भाऱ्यांनी झाकलेला असतो, आणि परावर्तक पट्टी चिखलाने माखलेली असते. उसाच्या वाढ्याचा रंग आणि अंधारलेल्या रस्त्याचा रंग यांत फरक करण्याचे काम त्या क्षणी ज्या डोळ्यावर पडते, तो डोळा सत्तर वर्षांचा असेल तर त्याची हार बरीचशी ठरलेली असते. अशा धडकेनंतर पंचनाम्यात ‘दुचाकीस्वाराचे दुर्लक्ष’ असे लिहिणे सोपे आहे. वास्तविक लक्ष होते, दिसत नव्हते. आणि न दिसण्याचे निम्मे कारण स्वाराच्या डोळ्यात असेल तर उरलेले निम्मे ट्रॉलीच्या मागच्या बाजूला आहे, जेथे दहा रुपयांची तांबडी पट्टी चिकटवून ते पुष्कळसे दूर करता आले असते.

डोळ्यांच्या बाबतीत एक आशादायक गोष्टही आहे, आणि ती आपल्या चर्चेत कधी येत नाही. अमेरिकेतील नेत्रवैद्यक संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या वृद्ध चालकांच्या आणि मोतीबिंदू असूनही ती न करवून घेतलेल्या वृद्ध चालकांच्या अपघातांची पुढील काही वर्षे तुलना केली होती; शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांच्या अपघातांचे प्रमाण दुसऱ्यांच्या जवळजवळ निम्मे निघाले. रस्ता-सुरक्षेच्या नावाने फलक, सप्ताह, घोषणा आणि फेऱ्या यांवर जो खर्च होतो त्यांपैकी कशाचाही परिणाम याच्या जवळपास जाईल असे मला वाटत नाही. मोतीबिंदूचे शिबिर ही आपण धर्मादायाची बाब मानतो आणि वाहन-परवाना ही परिवहन खात्याची. या दोहोंची गाठ घालून द्यावी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी चिकोडीच्या किंवा बेळगावच्या कचेरीत आलेल्या म्हाताऱ्याला तेथेच नेत्रतपासनिसापुढे बसवावे, आणि दोष आढळल्यास त्याला नाकारण्याऐवजी शस्त्रक्रियेची तारीख द्यावी, ही कल्पना दोन्ही खात्यांना सारखीच परकी आहे.

धोक्याचे स्वरूप ठरवताना आणखी एक भेद केला पाहिजे. पाश्चात्य देशांत मोटार चालवणाऱ्या वृद्धांसंबंधी जे संशोधन झाले आहे त्यावरून असे दिसते की, कापलेल्या अंतराच्या मानाने अपघातांचे प्रमाण सत्तरीनंतर वाढू लागते. परंतु मृत्यूच्या प्रमाणातील या वाढीचा फार मोठा भाग चुकांमुळे नसून शरीराच्या नाजूकपणामुळे असतो. ज्या आघाताने तिशीतला माणूस खरचटून उठतो त्याच आघाताने पंचाहत्तरीतल्या माणसाच्या बरगड्या मोडतात, फुप्फुसाला इजा होते आणि तो आठवड्याभराने जातो. सारांश, वृद्ध चालकाच्या अपघातात बहुधा वृद्ध चालकच मरतो. भारतातील चित्र पाहिले तर, केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली, आणि त्यांतली सुमारे दोनतृतीयांश अठरा ते पंचेचाळीस या वयातली होती. रस्त्यावर मृत्यू पसरवणारा घटक कोणता याचा शोध घेणाऱ्याने प्रथम वेगाकडे पाहावे. पांढऱ्या केसांकडे नंतर पाहिले तरी चालेल.

मात्र हे परदेशी निष्कर्ष जसेच्या तसे उचलून निपाणीच्या रस्त्यावर ठेवता येत नाहीत, कारण तेथला वृद्ध चार चाकांवर, पोलादी पेटीत, पट्टा बांधून बसलेला असतो, आणि आपला दोन चाकांवर उघडा असतो. मोटार थांबली म्हणून पडत नाही. दुचाकी थांबली की पाय टेकावा लागतो, आणि गुडघा झिजलेल्या माणसाचा पाय जेथे टेकायचा तेथे तो अर्ध्या क्षणाने उशिरा पोचतो. म्हणून आपल्याकडील वृद्ध स्वारांचे कितीतरी अपघात कोणत्याही वाहनाशी टक्कर न होताच घडतात: पांढरे पट्टे नसलेला गतिरोधक, बाजूला पसरलेली खडी, आडवे आलेले कुत्रे, अथवा केवळ वळणावर थांबताना गेलेला तोल. माकडहाड वा खुब्याचे हाड मोडते, आणि त्या दिवसापासून घरातले एक माणूस अंथरुणाला बांधले जाते. डोक्याला मुका मार लागला असेल तर गोष्ट आणखी फसवी होते. वृद्धाचा मेंदू कवटीत थोडा आक्रसलेला असतो, पुष्कळांना रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतात, आणि मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साचणारे रक्त तीन-चार आठवड्यांनी विस्मरण, झोकांड्या किंवा अर्धांगवायू या रूपाने प्रकट होते. तोवर पडल्याची आठवण घरात कोणाला राहिलेली नसते, आणि ‘वय झाले’ असे म्हणून जो आजार स्वीकारला जातो तो वास्तविक गेल्या महिन्यातला अपघात असतो. असले मृत्यू पोलिसांच्या दप्तरात येत नाहीत, कारण अपघाती मृत्यू म्हणून नोंद व्हायची तर तो तीस दिवसांच्या आत व्हावा लागतो, आणि फिर्याद देणार तरी कोणाविरुद्ध? आरशाला अडकवलेले हेल्मेट डोक्यावर असते तर यातले बरेच टळले असते, हे आबांना सांगणारे कोणी असेल तर त्याने टोपीचा प्रश्न आधी सोडवावा. टोपीवर हेल्मेट बसत नाही आणि टोपी काढून बाजारात जाणे त्या पिढीला अप्रतिष्ठेचे वाटते. ही अडचण क्षुल्लक आहे म्हणून हसण्यावारी नेणाऱ्याला ती कधी सोडवता यायची नाही.

येथे एक आक्षेप समोर येतो आणि तो गंभीर आहे. १९ एप्रिल २०१९ रोजी टोकियोतील इकेबुकुरो भागात सत्त्याऐंशी वर्षांच्या एका गृहस्थाने ब्रेक समजून वेगवर्धक दाबला, आणि त्याच्या मोटारीखाली सायकलवरून जाणारी एकतीस वर्षांची आई व तिची तीन वर्षांची मुलगी ठार झाली. तो चालक मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला अधिकारी होता. पुढे त्याला पाच वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली. ‘वृद्ध बहुधा स्वतःच मरतो’ हे आकडेवारीचे वाक्य त्या मुलीच्या पित्यापुढे उच्चारण्याचे धाडस कोण करील? परवाना ही मिरासदारी नव्हे. इतरांच्या जिवाला अपाय न करण्याच्या अटीवर दिलेली ती सवलत आहे, आणि ती अट पाळण्याची शक्ती गेली की सवलतही गेली पाहिजे, मग अर्जदाराने पन्नास वर्षे निष्कलंक गाडी चालवली असली तरी. बेळगावात किर्लोस्कर रोडवरून नाहीतर कॅम्पातून शाळेच्या वेळी मोटार काढणाऱ्या ऐंशीच्या घरातल्या गृहस्थांना हे लागू आहे, आणि चारचाकीच्या बाबतीत मी दुचाकीपेक्षा अधिक कठोर नियम पत्करायला तयार आहे.

पण जपानने पुढे काय केले तेही पाहिले पाहिजे. परवाना आपण होऊन परत करण्याची सोय तेथे १९९८ पासूनच होती. इकेबुकुरोची घटना घडली त्या एका वर्षात सुमारे सहा लाख परवाने परत आले. पंचाहत्तरीच्या पुढील चालकाला परवान्याच्या नूतनीकरणापूर्वी स्मृती व आकलन यांची चाचणी द्यावी लागते, आणि २०२२ पासून, ज्याच्या नावावर ठरावीक प्रकारच्या नियमभंगाची नोंद आहे अशा वृद्धाला प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवावी लागते. परवाना परत करणाऱ्याला अनेक नगरपालिका बसचे वा टॅक्सीचे सवलतपत्र देतात. तरीही टोकियोसारख्या ठिकाणी, जेथे दर तीन मिनिटांनी आगगाडी आहे, परवाना ठेवून देणे जितके सोपे, तितके ते जपानच्या डोंगरी खेड्यांत सोपे ठरलेले नाही. म्हणजे, एकाच देशात, एकाच कायद्याखाली, म्हाताऱ्याच्या विवेकबुद्धीची पातळी बसच्या वेळापत्रकावर अवलंबून राहिली!

याहूनही बोधप्रद उदाहरण डेन्मार्कचे आहे. तेथे २००६ साली सत्तरीच्या पुढील चालकांना परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी बुद्धीची एक छोटी चाचणी सक्तीची करण्यात आली. काही वर्षांनी संशोधकांनी आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना केली तेव्हा असे आढळले की, वृद्ध चालकांच्या प्राणघातक अपघातांत या चाचणीने काही फरक पडला नव्हता. पण पायी चालताना अथवा सायकलवरून जाताना मारल्या गेलेल्या वृद्धांची संख्या वाढली होती. चाचणीच्या धास्तीने माणसांनी मोटार सोडली, आणि मोटारीच्या पोलादी कवचातून बाहेर पडून ती उघड्या रस्त्यावर आली. फिनलंड आणि स्वीडन या शेजारी देशांच्या तुलनेतूनही, एकात वृद्धांची सक्तीची वैद्यकीय तपासणी आणि दुसऱ्यात ती नाही अशी स्थिती असताना, अशाच प्रकारचा निष्कर्ष यापूर्वी निघालेला होता. डेन्मार्कने २०१७ साली वयावर बेतलेली ती सक्ती रद्द केली.

हा अनुभव वाचून मी जेव्हा आमच्या महामार्गाकडे पाहतो तेव्हा भय वाटते ते गाडीवरच्या आबांबद्दल नव्हे, गाडी सोडून पायी निघालेल्या आबांबद्दल. हा रस्ता सुवर्ण चतुष्कोनाच्या योजनेत चौपदरी झाला आणि आता त्याच्या सहापदरीकरणाचे काम चालू आहे. सहापदरी रस्त्याची एक बाजू साडेदहा मीटर रुंद. सेकंदाला ऐंशी सेंटिमीटर चालणाऱ्या वृद्धाला ती ओलांडायला तेरा सेकंद लागतात. आणि ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने येणारे वाहन तेवढ्या वेळात सुमारे दोनशे नव्वद मीटर अंतर कापते. म्हणजे रस्ता ओलांडण्यास पाऊल उचलताना त्याला जवळजवळ दीड फर्लांग अंतरावरचे वाहन दिसले पाहिजे, त्याचा वेग अजमावता आला पाहिजे, आणि मग दुभाजकावर उभे राहून हाच हिशेब दुसऱ्या दिशेने करता आला पाहिजे. भुयारी मार्ग आणि उड्डाणपूल आहेत, पण ते गावाच्या सोयीने पडलेले नाहीत. ज्याचे घर यमगर्णीच्या एका अंगाला आणि शेत दुसऱ्या अंगाला पडले त्याला वळसा घालावा लागतो. दुचाकीस्वार हा वळसा चुकवण्यासाठी उलट दिशेने कडेकडेने येतो, आणि मग वृत्तपत्रात बेशिस्तीवर अग्रलेख येतो. शेतकऱ्याच्या जमिनीतून रस्ता काढताना त्याच्या पाणंदीचे तोंड कोठे उघडेल याचा विचार आराखड्यात कोणी केला नाही, ही बेशिस्त अग्रलेखाच्या कक्षेबाहेरची समजली जाते.

थांबण्याच्या अंतराचेही असेच. ताशी ऐंशी किलोमीटर वेगासाठी आपल्या देशाच्या रस्ते-बांधणीच्या मानकात चालकाला पुढचे किमान एकशेवीस मीटर दिसले पाहिजे असे गृहीत आहे, आणि धोका दिसून ब्रेक दाबला जाईपर्यंत अडीच सेकंद जातील असे त्या हिशेबात धरले आहे. हे अडीच सेकंद उदारपणाने दिलेले आहेत आणि पुष्कळ वृद्धांना ते पुरतातही. पण मानक कागदावर पाळले जाते तेथेच. वळणावर उभी केलेली नादुरुस्त मालमोटार, काम चालू असलेल्या रस्त्यावर ऐन वेळी दिसणारा वळणरस्ता, आणि कन्नड व इंग्रजी या दोनच लिप्यांत असलेला फलक, जो निपाणीच्या मराठी शाळेत सातवी झालेल्या माणसाला अक्षरे जुळवून वाचावा लागतो, हे सारे त्या अडीच सेकंदांतून आपापला वाटा उचलतात. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद मी या विषयात मुद्दाम आणीत नाही. तो आपल्या पायांनी येतो.

आणि सर्वांत ठळकपणे येतो तो बसच्या दारातून. कर्नाटकातल्या निपाणीहून महाराष्ट्रातले कोल्हापूर चाळीस किलोमीटरच्या आसपास, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. या भागातल्या मराठी घरांची लेक कागलला नाहीतर गडहिंग्लजला दिलेली, डॉक्टर कोल्हापूरचा, आणि जमिनीचा उतारा, निवृत्तिवेतन, न्यायालय हे सारे चिकोडी-बेळगावकडे. महाराष्ट्राने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस. टी. चा प्रवास मोफत केला, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या माणसांना अर्धे तिकीट आहे. परंतु ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. कर्नाटकाने ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेखाली राज्यातील स्त्रियांना साध्या बसचा प्रवास मोफत केला. तीही योजना राज्याच्या आतल्या प्रवासासाठी आखलेली. शिवाय हद्दीवर काही खुट्ट झाले की प्रथम बंद होते ती बस: डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली तेव्हा ती बंद झाली, फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावनजीक वाहकाला मारहाण झाली तेव्हा पुन्हा बंद झाली. जो माणूस सत्तरीत आहे त्याने अशा प्रसंगांची मोजदाद केव्हाच सोडून दिलेली असते. त्याला एवढेच कळते की बस बेभरवशाची आहे आणि अंगणातली गाडी भरवशाची. मुलगा पुण्याला, नातू बंगळूरला. गाडी सोडली तर दवाखान्यात नेणार कोण, हा त्याचा प्रश्न हट्टीपणाचा नाही.

‘शक्ती’ योजनेवर टीका करणाऱ्यांना तिजोरीची चिंता आहे, आणि ती त्यांनी अवश्य करावी. पण वृद्धांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने तिचा एक परिणाम कोणी पाहिलेला दिसत नाही. जी आजी आजवर स्कूटरच्या मागच्या आसनावर, एका बाजूला दोन्ही पाय सोडून, कशालाही धरायला न मिळता बसत होती, आणि तोल जाण्याचा धोका जिला चालकाइतकाच पण निर्णयाचा अधिकार मुळीच नव्हता, ती आता आधारपत्र कमरेला खोचून एकटी संकेश्वरच्या बाजाराला बसने जाते. आजोबा मात्र अद्याप गाडीवरच आहेत, कारण पुरुषाला ती सवलत नाही आणि पंचवीस टक्क्यांच्या ज्येष्ठ-सवलतीसाठी स्टँडपर्यंत दोन किलोमीटर चालण्याचा हिशेब जुळत नाही. कोणत्याही रस्ता-सुरक्षा समितीने न ठरवता, एका निवडणुकीच्या आश्वासनातून, या जिल्ह्यात असा प्रयोग घडून गेला आहे की ज्यात एकाच घरातल्या दोन समवयस्क माणसांपैकी एकाला बस मिळाली आणि दुसऱ्याला मिळाली नाही. त्याचा निष्कर्ष वाचायला संशोधकाची गरज नाही.

तेव्हा करायचे काय? वयाची मर्यादा घालू नये; दृष्टीची, मानेच्या वळण्याची आणि पायाच्या बळाची तपासणी खरी करावी, पाच वर्षांऐवजी सत्तरीनंतर दोन वर्षांनी करावी, आणि ती अर्जदाराच्या ओळखीच्या डॉक्टरांकडून न करता परिवहन कचेरीत नेमलेल्या माणसाकडून करावी. ‘सर्व किंवा काहीच नाही’ असा परवाना देण्याऐवजी मर्यादित परवाना द्यावा: दिवसाउजेडी, गावच्या रस्त्यांवर, महामार्ग वगळून. कित्येक देशांत अशी पद्धत आहे, आणि आमच्याकडचे शहाणे वृद्ध ती कोणी न सांगता पाळतातही. सूर्य मावळला की ते गाडी काढीत नाहीत. घरातल्यांविषयी सांगायचे तर, वडिलांच्या हातून किल्ली हिसकावून घेण्याची मर्दुमकी दाखवण्याआधी मुलाने आठवड्यातून किती वेळा त्यांना कोठे न्यायचे आहे ते मोजावे, आणि तेवढ्या वेळा आपण येऊ शकतो काय याचे प्रामाणिक उत्तर स्वतःला द्यावे.

याच्या जोडीला, गाडी सोडणाऱ्याला बसची सोय द्यावी लागेल. हा भाग सर्वांत अवघड मानला जातो, आणि मला तो सर्वांत सोपा वाटतो. मोटार वाहन कायद्याच्या ८८ व्या कलमाखाली दोन राज्यांनी आपापसांत परिवहनाचा करार करण्याची सोय आहे, आणि महाराष्ट्र-कर्नाटकाच्या बसगाड्या अशाच व्यवस्थेखाली एकमेकांच्या स्थानकांत जातात. महाराष्ट्राने २०२३ साली सीमाभागातील ८६५ गावांना आपली आरोग्य योजना लागू केली तेव्हा कर्नाटकाने हरकत घेतली, कारण तीत त्या गावांवरच्या हक्काचा वास होता. हद्दीच्या दोन्ही बाजूंना पन्नास किलोमीटरच्या पट्ट्यात, दोन्ही महामंडळांच्या साध्या बसमध्ये, सत्तरीच्या पुढच्या कोणाही स्त्री-पुरुषाला चालणारा एकच पास काढला, परवाना परत करणाऱ्याला तो विनामूल्य दिला, आणि त्याचा हिशेब दोन्ही महामंडळांनी तिमाहीला आपापसांत मिटवला, तर त्यात हक्काचा प्रश्न कोठेच येत नाही. कागलच्या कन्नड भाषिक वृद्धाला तो जितका उपयोगी, तितकाच निपाणीच्या मराठी वृद्धाला. यासाठी विधिमंडळाचा ठराव लागत नाही, सर्वोच्च न्यायालयातल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागत नाही. कोल्हापूरचे विभाग नियंत्रक आणि चिकोडी-बेळगावचे विभागीय अधिकारी एका टेबलाशी बसले तर मसुदा एका दुपारी होईल, आणि तो मंजुरीसाठी मुंबई व हुबळी येथे गेल्यावर किती महिने पडून राहतो, तेवढाच काय तो प्रश्न उरेल.